आठवीचे वळण : सीमाभागातल्या हायस्कूलची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी घरात मूल सातवी पास झाले की पहिला प्रश्न येतो, आता हायस्कूल कुठले? कर्नाटकात हायस्कूल म्हणजे आठवी ते दहावी. सातवीपर्यंतची सरकारी मराठी शाळा बहुधा गावातच असते आणि गुरुजींना घर माहीत असते. हायस्कूल मात्र पुष्कळदा शेजारच्या गावात किंवा शहरात, खासगी संस्थेचे. २००६-०७ पासून राज्य सरकारने आठवीच्या मुलांना सायकली द्यायला सुरुवात केली, ती हे अंतर ओळखूनच.

याच वयात मुलांचा अभ्यासातला रस का ओसरतो, याचे उत्तर जॅकलिन एकल्स आणि कॅरल मिजली या अमेरिकी अभ्यासकांनी १९८९ मध्ये मांडले. वयात येणाऱ्या मुलाला स्वतः काही ठरवायची मोकळीक हवी असते, घराबाहेरचा एखादा मोठा माणूस आपला वाटायला हवा असतो. नेमकी तेव्हाच शाळा मोठी, परकी आणि कडक होते. दोष एकट्या वयाचा नाही; वयाचा आणि शाळेचा मेळ बसत नाही.

आमच्याकडे हा मेळ बिघडायला आणखी एक कारण झाले, भाषेचे. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेले. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५०-अ आले : भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिकवण्याची पुरेशी सोय राज्याने करावी. पण कुठपर्यंत? प्राथमिक टप्प्यापर्यंत. हायस्कूलचा त्यात उल्लेख नाही. मुलाला आधाराची सगळ्यात जास्त गरज लागते, तिथेच हे आश्वासन संपते. पुढचा भार संस्थांनी वाहिला. बेळगावला संस्थांची परंपरा जुनीच आहे. १९१६ मध्ये सात तरुण शिक्षकांनी इथे केएलई (कर्नाटक लिंगायत एज्युकेशन) संस्था उभी केली ती कन्नड मुलांच्या शिक्षणाच्या तळमळीने, आणि मराठी मुलांसाठीही त्याच तळमळीने हायस्कुले चालवली गेली. दोन्हीकडची ही माणसे मला सारखीच आदरणीय वाटतात.

मग १९८० मध्ये कर्नाटक सरकारने वि. कृ. गोकाक यांची समिती नेमली. गोकाक कन्नडचे मोठे कवी, शिवाय सांगलीच्या विलिंग्डन आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले. मराठी मुलखाची त्यांना ओळख होती. १९८१ च्या अहवालात समितीने हायस्कूलमध्ये कन्नड हीच एकमेव प्रथम भाषा असावी अशी शिफारस केली. अंमलबजावणीसाठी राज्यभर आंदोलन झाले आणि १९८२ मध्ये सरकारी आदेश निघाला. सीमाभागात याचा अर्थ साधा होता : ज्या भाषेत मूल विचार करते, ती दुय्यम ठरणार. जून १९८६ मध्ये कन्नडसक्तीविरोधी आंदोलन पेटले, गोळीबारात माणसे गेली. १९८९ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ही सक्ती घटनाबाह्य ठरवली. आज मराठी माध्यमाचा विद्यार्थी एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या बोर्ड परीक्षेच्या, ६२५ गुणांपैकी १२५ गुणांचा प्रथम भाषेचा पेपर मराठीत लिहितो, त्यामागे हा सगळा झगडा आहे.

सक्तीने मुलाच्या मनाचे काय होते? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कोडी सोडवण्यासाठी काही विद्यार्थ्यांना पैसे दिले. पैसे थांबल्यावर त्यांचा कोड्यांतला रस कमी झाला. पुढे रिचर्ड रायन यांच्यासोबत त्यांनी सिद्धांत मांडला की शिकण्याची आतली ओढ तीन गोष्टींवर जगते : आपण निवडले ही भावना, आपल्याला जमते हा विश्वास, आणि आपण इथले आहोत ही खात्री.

हे वाचताना मला माझा हायस्कूलचा वर्ग आठवतो. कन्नडचा तास आला की आम्ही खाली मान घालून बसायचो. चुकलो तर हसे होईल ही एक भीती, आणि ही भाषा आपल्यावर लादली आहे हे घरातून ऐकलेले. तीच मुले बाजारात ‘एष्ट री?’ म्हणून बेधडक भाव करायची, मळ्यात कन्नड मित्रांशी क्रिकेट खेळताना कन्नडमध्येच भांडायची. भाषा तीच, मुले तीच. बाजारात ती त्यांची होती, वर्गात हुकमाची झाली. महाराष्ट्रातल्या जत-अक्कलकोटच्या कन्नड मुलांचा मराठीच्या तासाला असाच जीव घुसमटत असेल, तर तेही तितकेच वाईट.

वर्गात न मिळालेली जागा आमच्या गावांनी दुसरीकडे तयार केली, हे मात्र अभिमानाने सांगावेसे वाटते. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा अशा शेतकऱ्यांच्या गावांत मराठी साहित्य संमेलने भरू लागली. ग्रंथदिंडीत हायस्कूलची मुले चालतात, मांडवात बसून कथाकथन ऐकतात. गुण नाहीत, हजेरी नाही, तरी मुले दिवसभर हलत नाहीत.

६ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी निकाल दिला की राज्य सरकार प्राथमिक शाळांवर मातृभाषेचे माध्यम लादू शकत नाही. माध्यम निवडायचा हक्क पालकांचा. दहावीनंतर पीयूसीला (अकरावी-बारावीला) विज्ञान घेतले की मराठी मुलाला इंग्रजी माध्यमच घ्यावे लागते, म्हणून बरेच पालक हा हक्क इंग्रजीसाठी वापरतात. त्यामुळे आठवीत येणारे वळण आता एलकेजीत येते, आणि तिथे मुलाला विचारण्याचा प्रश्नच येत नाही.