मसुद्यावरची हरकत आणि जनसुनावणी: दोन वेगळ्या खिडक्या

‘हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत’ हे शब्द दोन अगदी वेगळ्या कागदांवर असतात. एक कागद केंद्रीय पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालयाची मसुदा अधिसूचना. तिथे नियमच बदलायचा असतो. दुसरा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची जनसुनावणीची नोटीस. तिथे नियम आहे तोच राहतो आणि त्याखाली एखाद्या खाणीला किंवा औष्णिक वीज प्रकल्पाला मंजुरी द्यावी का, एवढाच प्रश्न असतो. खारफुटी, किनारा, घाटातलं जंगल यांना मिळालेलं संरक्षण बऱ्याच अंशी अशा अधिसूचनांवर उभं आहे. म्हणून मुद्दा चुकीच्या खिडकीत गेला की होणारं नुकसान खरं असतं. सुनावणीत कायद्यावर टीका केली तर ती इतिवृत्तात येईल, पण ते वाचणाऱ्या तज्ज्ञ समितीला कायदा बदलता येत नाही. आणि मसुद्यावर नुसतं ‘आमच्याकडची खाण नको’ लिहिलं, तर त्याला जोडायला मसुद्यात कलमच नसतं.

आधी मसुदा. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधल्या नियम ५ नुसार हरकतीसाठी ६० दिवस मिळतात, आणि ते राजपत्रातल्या प्रसिद्धीपासून धरले जातात. मसुद्यावर छापलेली तारीख आणि राजपत्राची तारीख एकच असेल असं नाही. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाचा, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते मंजुरीआधी तपासण्याच्या नियमांचा, २०२० चा मसुदा २३ मार्चचा होता, राजपत्रात आला ११ एप्रिलला. टाळेबंदीमुळे मुदतीचा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला, न्यायालयाने ती ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत मसुदा भाषांतरित करायला सांगितलं. लाखो हरकती गेल्या आणि त्या मसुद्याला अंतिम रूप मिळालं नाही. मात्र त्यात असलेली, काम सुरू करून मागाहून मंजुरी घेण्याची वाट २०२१ मध्ये एका कार्यालयीन ज्ञापनाने, म्हणजे मंत्रालयाच्या परिपत्रकाने, उघडली. अशा ज्ञापनांवर हरकती मागवल्याच जात नाहीत, त्यामुळे मंत्रालयाच्या संकेतस्थळावर एरवीही नजर हवी.

हरकत कुठे पाठवायची ते मसुद्याच्या सुरुवातीच्या मजकुरातच असतं: टपालाचा पत्ता आणि ई-मेल. विषयात अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख लिहा. मग एक कलम, त्यातला बदल, त्याचा परिणाम आणि तुमचा पर्यायी मजकूर, या क्रमाने. त्या २०२० च्या मसुद्यावर अशी लिहिता आली असती:

‘जनसुनावणीच्या नोटिशीची मुदत ३० दिवसांवरून २० दिवस करण्यास हरकत आहे. पूर्ण अहवाल इंग्रजीत असतो, स्थानिक भाषेत फक्त सारांश मिळतो. २० दिवसांत तो मिळवून, समजून घेऊन उत्तर तयार करणं शक्य नाही. “किमान ३० दिवस” हे शब्द कायम ठेवावेत.’

तयार मजकूर शंभर जणांनी जसाच्या तसा पाठवला, तर छाननीत त्याचा एकच मुद्दा उरतो. दोन ओळी स्वतःच्या जागेबद्दल, स्वतःच्या निरीक्षणाच्या घाला. मसुद्यातलं एखादं कलम चांगलं असेल तर ‘हे बदलू नका’ असंही लिहा. ते बहुतेक जण विसरतात, आणि नेमकं तेच कलम अंतिम अधिसूचनेत पातळ झालेलं दिसतं.

जनसुनावणीचं गणित वेगळं. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार नोटीस किमान ३० दिवस आधी, एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात येते. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्यापेक्षा कमी दर्जाचा नसलेला त्यांचा प्रतिनिधी असतो. प्रकल्पाच्या पर्यावरणीय परिणामांचा मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत आणि जिल्हा उद्योग केंद्रात पाहायला मिळतो. तिथे जाऊन आधी पाण्याचं आणि हवेचं प्रकरण काढा. मोजमापं बहुधा एकाच ऋतूची, पावसाळा वगळून घेतलेली असतात. ‘अहवालात कोरडा दाखवलेला ओढा जूनपासून चार महिने वाहतो, हे त्याचे तारखेसह फोटो’ हे वाक्य ‘प्रकल्प रद्द करा’ या घोषणेपेक्षा खूप जड असतं, कारण कंपनीला त्याचं उत्तर लेखी द्यावं लागतं.

इथे मतदान होत नाही, गणपूर्तीची (किमान उपस्थितीची) अटही नाही. त्यामुळे बहिष्कार टाकला तरी सुनावणी झाली असंच धरलं जाऊ शकतं. जाता येत नसेल तर लेखी निवेदन मंडळाला द्या आणि पोच घ्या, त्यावर आवक क्रमांक आणि तारीख आहे ना ते तिथेच बघा. शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवणं बंधनकारक आहे. लोक जेवणाच्या वेळेला उठून जातात आणि ‘काही नागरिकांनी प्रदूषणाबद्दल विचारणा केली’ एवढंच राहून जातं. थांबा, आपला मुद्दा चुकीचा आला असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या. इमारत बांधकामासारख्या प्रकल्पांना मात्र ही सुनावणीच लागू नाही.

पुढची वाटही दोन्हींची निराळी. प्रकल्पाला मंजुरी मिळाली तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात ३० दिवसांत अपील करता येतं, कारण पटलं तर आणखी ६० दिवस मिळतात. तिथे इतिवृत्तात नोंदलेला तो ओढा उपयोगी पडतो. अंतिम झालेल्या अधिसूचनेच्या वैधतेलाच आव्हान द्यायचं असेल तर उच्च न्यायालय, आणि सोबत न्यायची ती पाठवलेल्या हरकतीची प्रत व तिच्या ई-मेलची तारीख.