कोव्हेंट्रीचे मैदान: भाडे, कर्ज आणि दोन क्लब

इंग्लंडमध्ये फुटबॉल आणि रग्बीचे क्लब मोठ्या प्रमाणावर एका मैदानात नांदू लागले ते 1990 च्या दशकात. 1989 मध्ये हिल्सबरो मैदानावर झालेल्या चेंगराचेंगरीच्या दुर्घटनेनंतर आलेल्या टेलर अहवालामुळे वरच्या श्रेणींतील मैदानांवर प्रत्येक प्रेक्षकासाठी खुर्ची असणे बंधनकारक झाले आणि फुटबॉल क्लबांना जुनी मैदाने सुधारण्यासाठी किंवा नवी बांधण्यासाठी मोठा पैसा उभा करावा लागला. दुसरीकडे, ऑगस्ट 1995 मध्ये रग्बी युनियनने हौशी खेळाचे बंधन उठवले, तेव्हा काही हजार प्रेक्षकांवर भागवणाऱ्या क्लबांपुढे अचानक खेळाडूंच्या पगाराचा प्रश्न उभा राहिला. फुटबॉल क्लबाचे घरचे सामने हंगामात जेमतेम पंचवीस-तीस होतात आणि उरलेले दिवस मैदान रिकामेच असते. त्यामुळे रग्बीला भाड्याने जागा देणे हा दोघांच्याही सोयीचा सौदा वाटत होता.

या सौद्यातील मेख भाड्याच्या रकमेत नव्हती. सामन्याच्या दिवशीचे खाणेपिणे, वाहनतळ, जाहिरातींचे फलक, आणि सामना नसलेल्या दिवसांच्या परिषदा, मेळावे, संगीताचे कार्यक्रम व हॉटेल यांचे उत्पन्न कोणाच्या खात्यात जाते, यावर सारे गणित अवलंबून होते; भाडेकरूच्या वाट्याला बहुतेक वेळा यातले फारच थोडे येई. लंडनच्या वॉस्प्स या रग्बी क्लबाने हे दीर्घकाळ अनुभवले. 1996 मध्ये क्रिस राइट यांच्या कंपनीने वॉस्प्स आणि क्वीन्स पार्क रेंजर्स हा फुटबॉल क्लब असे दोन्ही एकत्र घेतले आणि वॉस्प्स रेंजर्सच्या लॉफ्टस रोड मैदानावर खेळू लागले. 2001 मध्ये फुटबॉल क्लब दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला आणि पुढच्याच वर्षी वॉस्प्सने हाय विकम येथे, विकम वाँडरर्सच्या सुमारे दहा हजार क्षमतेच्या ॲडम्स पार्कवर बिऱ्हाड हलवले. तेथे असताना त्यांनी 2004 आणि 2007 मध्ये युरोपचे विजेतेपद मिळवले, पण त्या यशाने क्लबाचा ताळेबंद सुधारला नाही.

कोव्हेंट्री सिटीची कथा नेमकी उलट दिशेने सुरू होते. सलग 34 वर्षे अव्वल श्रेणीत राहिलेला हा फुटबॉल क्लब 2001 मध्ये खाली घसरला, त्या वेळी तो कर्जात होता आणि हायफील्ड रोड हे जुने मैदान सोडण्याच्या बेतात होता. फोलशिलच्या जुन्या गॅस कारखान्याच्या जागेवर सुमारे 32 हजार प्रेक्षकांचे रिको अरीना हे नवे मैदान उभे राहत असतानाच, 2003 मध्ये क्लबाने त्यातील आपला निम्मा हिस्सा सुमारे 65 लाख पौंडांना ॲलन हिग्ज यांच्या नावाच्या धर्मादाय संस्थेला विकला. उरलेला निम्मा हिस्सा महापालिकेकडे होता. 2005 मध्ये क्लब नव्या मैदानात गेला तो वर्षाला सुमारे 13 लाख पौंड भरणारा भाडेकरू म्हणून. पुढच्या सगळ्या भांडणाचे मूळ या विक्रीत आहे, असे माझे मत आहे.

2007 च्या अखेरीस सिसू या गुंतवणूक कंपनीने क्लब घेतला. 2012 मध्ये तो तिसऱ्या श्रेणीत घसरला, पण भाडे वरच्या दिवसांतलेच राहिले. त्याच वर्षी नव्या मालकांनी ते भरणे थांबवले. जानेवारी 2013 मध्ये महापालिकेने मैदान चालवणाऱ्या कंपनीला 1 कोटी 44 लाख पौंडांचे कर्ज देऊन बँकेचे देणे मिटवले. हे बेकायदा सरकारी साह्य असल्याचा दावा सिसूने न्यायालयात केला आणि 2014 मध्ये तो फेटाळला गेला, पुढे अपिलातही टिकला नाही. दरम्यान 2013-14 चा हंगाम कोव्हेंट्री सिटीला पन्नासहून अधिक किलोमीटर दूर नॉर्दम्प्टनमध्ये खेळावा लागला. मालक आणि महापालिका दोघेही हट्टाला पेटले होते आणि त्याची किंमत समर्थकांनी मोजली.

याच कोंडीत वॉस्प्सला संधी दिसली. 2014 च्या अखेरीस त्यांनी महापालिका आणि धर्मादाय संस्था या दोघांचे हिस्से मिळून सुमारे 55 लाख पौंडांना घेतले, मैदानाच्या कंपनीवरचे कर्ज अंगावर घेतले आणि भाडेपट्टा 250 वर्षांपर्यंत वाढवून मिळवला. वर्षानुवर्षे भाडेकरू असलेला रग्बी क्लब असा फुटबॉल क्लबाचा घरमालक झाला. मे 2015 मध्ये वॉस्प्सने साडेसहा टक्के व्याजाचे, सात वर्षे मुदतीचे साडेतीन कोटी पौंडांचे कर्जरोखे सर्वसामान्य गुंतवणूकदारांना विकले आणि त्यातून महापालिकेचे कर्ज फेडले. नुसत्या व्याजाचा बोजा वर्षाला 22 लाख पौंडांहून जास्त होता, म्हणजे ज्या भाड्याने फुटबॉल क्लब वाकला त्याच्या दीडपटीहून अधिक. परिषदा आणि कार्यक्रमांच्या उत्पन्नातून तो भागेल, असा हिशेब होता.

2019 मध्ये कायदेशीर वादांवरून वाटाघाटी फिसकटल्या आणि कोव्हेंट्री सिटीने दोन हंगाम बर्मिंगहॅमच्या सेंट अँड्र्यूजमध्ये काढले. घरमालकाचा मोठा भाडेकरू गेला. त्यातच 2020 च्या साथीने सामने आणि परिषदा दोन्ही बंद पाडले. फुटबॉल क्लब 2021 मध्ये दहा वर्षांच्या कराराने परतला, तोवर उशीर झाला होता. मे 2022 मध्ये रोख्यांची मुदत संपली, परतफेडीसाठी नवे कर्ज उभे राहिले नाही आणि करखात्याची थकबाकीही होतीच. मधल्या जुलैमध्ये राष्ट्रकुल स्पर्धेतील रग्बी सेव्हन्सचे (सात-सात खेळाडूंच्या रग्बीचे) सामने याच हिरवळीवर झाले आणि ती इतकी खराब झाली की कोव्हेंट्री सिटीला हंगामाच्या सुरुवातीचे घरचे सामने पुढे ढकलावे लागले. एका मैदानात दोन खेळ म्हणजे काय, हे त्या महिन्यात हिशेबाच्या वहीबाहेरही दिसले. 17 ऑक्टोबर 2022 रोजी वॉस्प्स दिवाळखोरीच्या प्रक्रियेतील प्रशासकांच्या हाती गेले. नोव्हेंबरमध्ये माइक ॲश्ली यांच्या फ्रेझर्स समूहाने मैदान 1 कोटी 70 लाख पौंडांना घेतले, म्हणजे रोख्यांच्या मूळ रकमेच्या निम्म्याहूनही कमी किमतीला. जानेवारी 2023 मध्ये डग किंग फुटबॉल क्लबाचे मालक झाले आणि 2025 मध्ये क्लबाने हे मैदान फ्रेझर्सकडून विकत घेतले.