पृथ्वीचे नॉर्मल मोड, सिंथेटिक सिस्मोग्राम आणि १ सेकंदाची भानगड

लवचिक गोल कसा थरथरेल, म्हणजे त्याचे नॉर्मल मोड (अख्ख्या गोलाची ठरावीक कंपनं) कोणते, याचं गणित १८८२ मध्येच झालं होतं. पृथ्वीएवढा पोलादी गोळा घेतला तर सगळ्यात संथ कंपन साधारण ७८ मिनिटांचं येतं, १९११ मध्ये त्यात गुरुत्वाकर्षण धरल्यावर ते तासाभरावर आलं. पुढे कितीतरी वर्षं हे कागदावरच राहिलं कारण एवढं संथ काही पकडणारी उपकरणंच नव्हती. १९५२ च्या कामचाटका भूकंपात ५७ मिनिटांचं कंपन दिसल्याचा दावा झाला, तो सगळ्यांना पटला नाही, पण लोक कामाला लागले हे महत्त्वाचं.

१९५९ मध्ये इस्रायलमधल्या एका सुरुवातीच्या कॉम्प्युटरवर सहा फर्स्ट ऑर्डर समीकरणं इंटिग्रेट करून खऱ्या पृथ्वीसारख्या मॉडेलचे पिरियड (एका कंपनाला लागणारा वेळ) काढले गेले, आणि वर्षभरात, २२ मे १९६० ला, चिलीत ९.५ चा भूकंप झाला. ०एस२ या सगळ्यात संथ मोडचा पिरियड ५४ मिनिटांच्या आसपास मिळाला, म्हणजे हिशेब जुळला. पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून हे मोड फुटून जवळजवळच्या पिरियडमध्ये विभागले जातात, तेही याच रेकॉर्डमध्ये दिसलं.

आज आपण ज्याला मोड समेशन म्हणतो त्याचं सुटसुटीत सूत्र १९७० च्या सुमाराचं. भूकंपाच्या जागी मोडचा स्ट्रेन (खडक किती ताणला-दाबला जातो ते) काढायचा, मोमेंट टेन्सरशी (भूकंपाचा जोर आणि दिशा सांगणाऱ्या आकड्यांशी) गुणायचा, स्टेशनच्या जागी विस्थापन घ्यायचं आणि विझत जाणाऱ्या सगळ्या कोसाइन लहरींची बेरीज करायची. झाला सिंथेटिक सिस्मोग्राम, म्हणजे गणिताने काढलेली भूकंपाची नोंद. सोपं वाटतं, पण मोड शोधतानाच दमछाक होते: गाभा (कोअर) आणि त्यावरचं मँटल यांच्या सीमेला चिकटून राहणारे स्टोनली मोड पृष्ठभागावर जवळपास शून्य असतात, इंटिग्रेशनमध्ये आकडे घातांकी वाढतात, आणि एखादा मोड हुकला तर बेरीज चुकते तरी आलेख बघून पटकन कळत नाही. मायनर्स (उकलींपासून बनवलेले छोटे निर्धारक) वापरून इंटिग्रेशन करणं आणि मोड मोजून खात्री करणं हे उपाय याच त्रासातून आले.

आता मुख्य भानगड, १ सेकंद.

सत्तरच्या दशकात पृथ्वीच्या आतल्या लहरींच्या वेगाची मॉडेलं मोडवरून बनू लागली, १९७५ चं एक प्रसिद्ध मॉडेल तर हजारावर मोडवर उभं होतं. पण मोडवरून काढलेल्या एस-वेगांनी (आडव्या, शिअर लहरींच्या वेगांनी) बॉडी वेव्हच्या, म्हणजे पृथ्वीच्या आतून जाणाऱ्या लहरींच्या, प्रवासाची वेळ काढली की ती खऱ्या नोंदींपेक्षा काही सेकंद जास्त यायची, सगळीकडे, एकाच दिशेने. याला बेसलाइन म्हणायचे आणि चक्क एक आकडा वजा करून पुढे जायचे. काहींचं म्हणणं होतं की स्टेशनं आणि भूकंप ठरावीक भागांतच आहेत, खंडांखाली वेग जास्त, समुद्राखाली कमी, म्हणून सरासरी चुकते. त्यात तथ्य होतं, पण मला ते कधीच पुरेसं वाटलं नाही, कारण चूक इतकी एकसारखी कशी येईल? खरं कारण अ‍ॅटेन्युएशनमध्ये होतं. अटेन्युएशन म्हणजे लहर विझत जाणं, आणि ज्या पदार्थात लहर विझते त्यात वेग फ्रिक्वेन्सीनुसार बदलतोच, हे भौतिकशास्त्र आहे, ऐच्छिक दुरुस्ती नाही. लोअर मँटलचा शिअर क्यू (जितका मोठा तितकी लहर हळू विझते) ३१२ धरला तर ३००० सेकंदांच्या पिरियडला एस-वेग १ सेकंदाच्या तुलनेत साधारण ०.८ टक्के कमी येतो, आणि क्यू ८० असलेल्या वरच्या थरात २०० सेकंदांनाच २ टक्के. साठच्या दशकात हे सुचवून झालं होतं, पण गांभीर्याने घेतलं गेलं १९७६ च्या आसपास. म्हणून १९८१ चं प्रेम (PREM) हे पृथ्वीचं संदर्भ मॉडेल वेग देताना ते १ सेकंदाला दिलेत हे सांगतं आणि बाकी पिरियडसाठी तुम्ही दुरुस्ती करायची असते. त्यातल्या २२० किलोमीटर खोलीवरच्या वेगाच्या पायरीवर नंतर पुष्कळ टीका झाली, ती पायरी जगभर दिसत नाही हे खरंच आहे, पण संदर्भ-पिरियडचा, म्हणजे वेग कोणत्या पिरियडला दिलेत ते ठरवण्याचा, निर्णय माझ्या मते जास्त दूरगामी.

मोड काढणारा मिनिऑससारखा जुना फोरट्रान प्रोग्राम चालवला असेल तर मॉडेल फाइलची दुसरी ओळ बघा: अ‍ॅनायसोट्रॉपीचा (वेग दिशेनुसार बदलण्याचा) खुणेचा आकडा, मग संदर्भ-पिरियड, मग फाइलचा प्रकार. मधल्या जागी १ असेल तर दुरुस्ती होते, शून्य किंवा ऋण असेल तर होत नाही, आणि प्रोग्राम दोन्ही वेळा बिनतक्रार चालतो. हीच चूक मी नवीन मुलांच्या कामात वारंवार बघतो, सरफेस वेव्ह (पृष्ठभागावरून जाणाऱ्या लहरी) लवकर येतात आणि दोष भूकंपाच्या वेळेला दिला जातो.

यानंतर गोष्टी भराभर घडल्या. ऐंशीच्या दशकात याच मोड कॅटलॉगवर जगभरच्या भूकंपांचे मोमेंट टेन्सर नेमाने निघू लागले, काही मोड अपेक्षेपेक्षा जास्त फुटतात यावरून १९८६ मध्ये इनर कोअरच्या अ‍ॅनायसोट्रॉपीची कल्पना मांडली गेली. २६ डिसेंबर २००४ च्या सुमात्रा भूकंपाने तर या विषयात जीवच ओतला: ०एस० हा २०.५ मिनिटांचा मोड कित्येक आठवडे वाजत राहिला, आणि सगळ्यात संथ मोडवरून मोमेंट (भूकंपाच्या आकाराचं माप) काढला तर ३०० सेकंदांच्या सरफेस वेव्हवरून आलेल्या आकड्याच्या अडीचपट निघाला, म्हणजे ९.० चा भूकंप ९.३ झाला.

आता थ्रीडीसाठी स्पेक्ट्रल एलिमेंट पद्धती (पृथ्वीचे छोटे तुकडे करून लहर थेट सोडवणाऱ्या) आहेत, तिथे मोड समेशन लागत नाही. पण असा कोड नवीन मशीनवर बसवला की पहिली चाचणी अजूनही प्रेमवर चालवतात, मोडच्या सिस्मोग्रामशी ताडून, आणि तेव्हाही दोन्हीकडचा संदर्भ-पिरियड एकच आहे ना हे आधी तपासावं लागतं.