मुलुंडचा फ्लॅट विकून अलिबागला जायचंय? आधी हे वाचून घ्या

आमच्याकडे ही चौकशी बहुतेक वेळा डिसेंबर-जानेवारीत येते. निवृत्ती जवळ आलेली असते, मुलं पुण्याला नाहीतर परदेशात असतात आणि मुलुंडचा टू बीएचके खायला उठतो. तो विकून अलिबागला छोटंसं कौलारू घर बांधावं, असं मनात घोळत असतं. त्या दिवसांत अलिबाग दिसतंही तसंच. ओहोटीला कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता येतं, नागाव-आक्षीच्या वाड्यांमध्ये भर दुपारी गारवा असतो, गेटवेहून कॅटामरान बोट तासाभरात मांडव्याला उतरवते आणि तिकिटातच अलिबागपर्यंतची बस मिळते.

आम्ही मुलुंडलाही घरं दाखवतो आणि अलिबागलाही. कुठलाही व्यवहार झाला तरी आमचं पोट भरतंच, तेव्हा मोकळेपणाने लिहायला हरकत नाही. आमचा सल्ला एका वाक्यात असा: अलिबागला जरूर जा, पण एक अख्खा पावसाळा तिथे भाड्याने काढल्याशिवाय मुलुंडचं घर मोडू नका.

जाणं-येणं

गेटवेची कॅटामरान पावसाळ्यात बंद असते. साधारण जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत तिच्यावर विसंबता येत नाही. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाली. तिच्यातून गाडीही नेता येते आणि पावसाळ्यातही तिची बरीच सोय होते, पण समुद्र खवळला की तिच्याही फेऱ्या रद्द होतात. शिवाय मुलुंडकराला आधी भाऊचा धक्का गाठावा लागतो, हे जाहिरातीत कोणी सांगत नाही.

अटल सेतूचंही तसंच. दक्षिण मुंबईहून निघणाऱ्याचा तो वेळ वाचवतो. मुलुंडहून निघालात तर ऐरोलीचा पूल, पनवेल, पेण, वडखळ हाच रस्ता. शंभरेक किलोमीटर. मंगळवारी सकाळी हा प्रवास सुखाचा होतो. शनिवारी सकाळी किंवा ३१ डिसेंबरला वडखळ ते अलिबाग हा टप्पाच तुमची परीक्षा बघतो. लोकल ट्रेन अलिबागला नाही. जवळचं स्टेशन पेण. एसटीचा मात्र भरवसा आहे. पनवेल-अलिबाग विनाथांबा गाडी ज्याला ठाऊक आहे, त्याला स्वतःच्या गाडीची फारशी आठवण येत नाही.

रेवस-करंजा पूल झाला की सगळं बदलेल, असं प्रत्येक जमीनवाला सांगतो. बदलेलही. पण पूल वाहतुकीला खुला होईपर्यंत त्याच्या नावाने गुंठ्यामागे जादा पैसे मोजू नका.

पावसाळा आणि खारं वारं

इथे जरा थांबून वाचा, कारण परत मुलुंडला आलेल्या बहुतेकांनी हेच कारण सांगितलं आहे.

समुद्रापासून अर्ध्या-एक किलोमीटरच्या आतलं घर म्हणजे लोखंडाचा शत्रू. थळला आम्ही एका घराची खिडकी दाखवत होतो. ग्रिलला वरून रंग चकचकीत होता. बोटाने जरा दाबलं तर पापुद्रा हातात आला. एसीचं बाहेरचं युनिट, स्कूटरचा सायलेन्सर, बिजागऱ्या, गॅसची शेगडी, गोदरेजचं कपाट, सगळ्यांना हेच भोगावं लागतं. तिथले जुने लोक म्हणूनच जांभा दगड, लाकूड आणि कौलं वापरत आले. नवं घर बांधणार असाल तर ग्रिल चांगल्या प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची घ्या, पश्चिमेच्या खिडक्यांवर खोल छज्जे काढा आणि पडवी सोडायला विसरू नका. वास्तुविशारद पडवीला ‘वाया जाणारी जागा’ म्हणाला तर वास्तुविशारद बदला. जुलैत कपडे तिथेच वाळतात आणि पश्चिमेचा पाऊस दिवाणखान्यात यायचा थांबतो तोही तिच्यामुळेच.

जुलैत पुस्तकांना आणि चामड्याच्या चपलांना बुरशी धरते. वाडीत डास असतात आणि फुरसंही असतं, म्हणून रात्री बॅटरीशिवाय अंगणात पाय टाकायचा नाही. वीज जाते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्याला धडकलं तेव्हा नारळ-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि विजेचे खांब झोपले. असं वादळ दरवर्षी येत नाही. पण इन्व्हर्टर, पाण्याची टाकी आणि छपराची दुरुस्ती हा खर्च तुमच्या हिशेबात पहिल्या दिवसापासून असायला हवा.

पाण्याबद्दल एकच विचारा: मे महिन्यात पाणी कुठून येतं? किनाऱ्यालगतच्या बोअरवेलचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होऊ शकतं. विकणाऱ्याने ‘पाणी भरपूर’ म्हटलं की शेजारच्या घरातल्या बाईंना विचारा.

दवाखाना

अलिबाग जिल्ह्याचं ठिकाण असल्यामुळे जिल्हा रुग्णालय आहे, चांगले खासगी डॉक्टरही आहेत. पण घरात कोणाची अँजिओप्लास्टी झाली असेल किंवा डायलिसिस चालू असेल, तर नवी मुंबई-मुंबईचा रस्ता किती वेळ घेतो ते पावसातल्या रविवारी संध्याकाळी मोजा. आमच्या मते हा मुद्दा सुरुवातीलाच आडवा येत असेल, तर पुढचं पत्रक वाचायचं कारण नाही.

जमीन बघताना

महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. तुमच्या घराण्याच्या नावे कुठेही सात-बारा नसेल, तर बिनशेती (एनए) जमीन किंवा तयार घरच बघायचं. ‘एनए होणारच आहे, साहेब’ हे वाक्य कानावर आलं की वही मिटा. झालेलं असेल तर आदेशाची प्रत दाखवतील.

सात-बारावर सात-आठ वारसांची नावं असणं कोकणात नेहमीचंच. एक भाऊ बोलतो गोड, सही मात्र सगळ्यांची लागते, आणि त्यातली एक आत्या सुरतला असते. जुने फेरफार (मालकी बदलल्याच्या नोंदी) काढून वकिलाला दाखवल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका.

किनाऱ्यालगत बांधकामाला सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राचे नियम लागतात. भरतीरेषेपासून किती अंतर सोडायचं, हे गाव कुठल्या वर्गात मोडतं त्यावर ठरतं. २०१९ च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या ग्रामीण भागांत ५० मीटर आणि बाकी ग्रामीण भागांत २०० मीटर असा फरक आहे. ‘इथे सगळ्यांचे बंगले आहेत’ हा पुरावा नव्हे. किहीमला नीरव मोदीचा बंगला २०१९ मध्ये सुरुंग लावून पाडला, तो आजूबाजूला बंगले असतानाच.

आणि मुलुंड?

मुलुंडला राहणाऱ्याला मुलुंडची किंमत कळत नाही, हे आम्ही रोज बघतो. नळाला महापालिकेचं पाणी आहे, घरापासून चालत भाजी, बँक, रक्त तपासायची लॅब आहे, संध्याकाळी कालिदासला नाटक आहे. सीएसएमटी लोकलने तासाभरावर. मागे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर असल्यामुळे हिरवाईही आहे (कधीमधी बिबट्याही). तोटेही सांगायला हवेत: मोठ्या पावसात कुर्ला-शीवला रुळांवर पाणी आलं की मध्य रेल्वे आडवी होते, आणि मेट्रो ४ च्या कामाने एलबीएस रस्त्याची दशा काय झाली ते तुम्ही जाणताच.

इमारत पुनर्विकासाला जात असेल तर

ही सर्वांत चांगली संधी आहे आणि नेमकी हीच लोक घालवतात. ‘आता सामान हलवायचंच आहे तर विकूनच टाकू,’ म्हणतात. उलट करा. बिल्डर दरमहा भाडं देणार आहे. त्या पैशांत मुलुंडमध्येच दुसरा फ्लॅट शोधण्याऐवजी अलिबागला, वरसोलीला किंवा चेंढऱ्याला भाड्याने घर घ्या. इमारत उभी राहीपर्यंत दोन-तीन पावसाळे आपसूक होतील. तेवढ्यात तिथला भाजीवाला, कोळीण आणि प्लंबर ओळखीचे झाले आणि काकूंनाही करमायला लागलं, तर खुशाल विका. नव्या इमारतीतल्या घराला जुन्यापेक्षा चांगला भाव मिळेल. नाही जमलं तर चावी घ्यायला परत या. भाड्याचा करार कितीही कमी मुदतीचा असला तरी तो नोंदणीकृतच करा.

विकायचं ठरलंच तर

घर विकून झालेल्या नफ्यावरचा कर वाचवायला दोन वर्षांच्या आत दुसरं घर विकत घ्यावं लागतं किंवा तीन वर्षांच्या आत बांधून पूर्ण करावं लागतं. नुसता प्लॉट घेऊन ठेवला तर सवलत मिळत नाही. अलिबागला बांधकाम पावसाळ्यात मंदावतं, तेव्हा कागदावरची तीन वर्षं प्रत्यक्षात तेवढी नसतात. सह्या करण्याआधी सीएला भेटा.

आमच्याकडे येताना

सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, फ्लॅटचा करार आणि पुनर्विकासाची चर्चा असेल तर शेवटच्या सभेचं इतिवृत्त घेऊन या. दोघांनीही या, एकट्याने घेतलेला अलिबागचा निर्णय सहसा दिवाळीपर्यंत टिकत नाही. भाड्याच्या घरासाठी आम्ही एक महिन्याचं भाडं घेतो आणि त्याच मालकाकडून पुढे घर विकत घेतलंत तर ती रक्कम दलालीतून वजा करतो. अलिबागची घरं आम्ही मंगळवार ते गुरुवारच दाखवतो. जुलै-ऑगस्टमध्येही दाखवतो, छत्री आणि रबरी चपला आणाव्यात.