तीस दिवस उलटले म्हणजे विलीनीकरण ‘पास’ झालं?

अमेरिकेतल्या कंपन्यांच्या विलीनीकरणाची बातमी आली की एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘सरकारने मंजुरी दिली, आता विषय संपला.’ मुळात तिथे स्पर्धा कायद्याखाली (म्हणजे मक्तेदारी रोखणाऱ्या कायद्याखाली) अशी मंजुरी दिलीच जात नाही.

1976 च्या हार्ट-स्कॉट-रोडिनो कायद्यानुसार ठरावीक रकमेपुढच्या सौद्यांची आगाऊ सूचना फेडरल ट्रेड कमिशन (बाजारातल्या स्पर्धेवर नजर ठेवणारी सरकारी संस्था) आणि न्याय खात्याला द्यावी लागते. मग साधारण 30 दिवस थांबायचं. त्या मुदतीत कोणी हरकत घेतली नाही, तर सौदा पुरा करता येतो, इतकंच. गप्प बसणं म्हणजे संमती नव्हे. आज कारवाई केली नाही म्हणून पुढे करता येणार नाही असं नाही, हे त्याच कायद्यात लिहून ठेवलंय. सौदा अडवायचा तर सरकारलाच कोर्टात जावं लागतं.

जुनं उदाहरण ड्यूपाँटचं. या कंपनीने 1917 ते 1919 दरम्यान जनरल मोटर्सचे सुमारे 23 टक्के शेअर घेतले. सरकारने खटला भरला थेट 1949 मध्ये! तरीही 1957 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 1914 च्या क्लेटन या मक्तेदारीविरोधी कायद्याखाली ड्यूपाँटच्या विरोधात निकाल दिला.

सूचना द्यावी न लागणारे छोटे सौदेही सुटत नाहीत. बझारव्हॉइस या कंपनीने 2012 मध्ये पॉवररिव्ह्यूज ही प्रतिस्पर्धी कंपनी घेतली, तेव्हा सूचना बंधनकारक नव्हती. न्याय खात्याने पुढच्याच वर्षी खटला भरला आणि 2014 मध्ये जिंकला.

अर्थात, उशिरा भरलेला प्रत्येक खटला टिकतोच असं नाही.