ठिबक नळीतील जैवपटल

ओल्या पृष्ठभागाला चिकटून, स्वतःच स्रवलेल्या चिकट द्रव्यात वसाहत करणाऱ्या जीवाणूंच्या थराला जैवपटल किंवा बायोफिल्म म्हणतात. रावेर, यावल, चोपडा या खानदेशातील केळीच्या तालुक्यांत तो ठिबकच्या लॅटरलमध्ये, म्हणजे पिकाच्या ओळीने अंथरलेल्या बारीक नळीत, हमखास सापडतो. विहिरीतले शेवाळ काळ्या नळीत उजेडाअभावी वाढत नाही. तेथे बुळबुळीत थर धरतात ते जीवाणू.

नळीचे पॉलिएथिलीन पाणी न धरणारे असते आणि ज्या जीवाणूंचे आवरणही तसेच, ते त्यावर सहज टेकतात. मात्र पाणी सुरू होताच त्यातील सेंद्रिय रेणू काही मिनिटांत प्लॅस्टिकवर पातळ लेप चढवतात. मग जीवाणूची गाठ पडते ती या लेपाशी. जीवाणूची पेशी आणि नळीची भिंत दोन्हींवर बहुधा ऋण विद्युतभार असल्याने त्या एकमेकींना दूर ढकलतात. पाण्यातील कॅल्शियम मधे येऊन हा दुरावा मोडतो आणि चिकट द्रव्यालाही घट्ट बांधतो. खडबडीतपणाचे गणित मापावर ठरते. जीवाणूची लांबी साधारण १ ते २ मायक्रोमीटर; तेवढ्या किंवा थोड्या मोठ्या खाचेत त्याला प्रवाहापासून आडोसा मिळतो, फार लहान खाचेचा उपयोग नाही. तांब्यावर बरेच जीवाणू काही तासांत मरतात, पण शेतभर तांब्याच्या नळ्या कोण अंथरणार!

खानदेशापुरते बोलायचे तर नळी कोणत्या प्लॅस्टिकची, यापेक्षा तिच्यावर क्षार किती बसले हे महत्त्वाचे. बेसॉल्ट खडकामधले भूजल बहुधा कॅल्शियम-मॅग्नेशियम बायकार्बोनेटयुक्त असते. उन्हाळ्यात काळी नळी तापली की कॅल्शियम कार्बोनेट साचते आणि गुळगुळीत भिंत खरबरीत होते. पाण्यात लोह असेल तर लोहजीवाणूंचा तांबूस गाळही त्यात मिसळतो. ड्रिपरचा, म्हणजे थेंब सोडणाऱ्या तोटीचा, नागमोडी मार्ग जेमतेम १ मिलिमीटरच्या आसपास रुंद. त्याच्या कोपऱ्यांत प्रवाह मंदावतो आणि ‘चोकअप’ तेथूनच सुरू होते.

म्हणून नुसते क्लोरीन सोडणे अपुरे पडते: चिकट द्रव्य आतल्या पेशींना वाचवते आणि क्षाराचा थर जागेवरच राहतो. आम्ल क्षार विरघळवते, क्लोरीन जीवाणू मारते, आणि सुटलेला गाळ नळीची टोके उघडून फ्लश करावा लागतो. क्लोरीनचा प्रभाव पाण्याचा सामू (pH) ७ च्या खाली असताना अधिक असतो. तरीही आम्ल आणि ब्लीचिंगचे द्रावण एकाच टाकीत कधीही मिसळू नये; विषारी क्लोरीन वायू सुटतो.