‘मग काय झाले?’ : लेखकाची घडण आणि घरातले प्रश्न

लेखकावर आईवडिलांचा प्रभाव शोधताना आपण बहुधा घरातली पुस्तके आणि थोरांची मते पाहतो. मला त्याहून मोलाचे वाटते ते हे, की मूल काही सांगू लागले की घरात त्याला काय विचारले जाते.

चार वर्षांचे मूल धावत येऊन म्हणते, “कुत्रा पळाला.” एका घरी “बरं, हात धू” एवढ्यावर विषय संपतो. दुसऱ्या घरी विचारतात, “कुठे पळाला? कशाला घाबरला?” मूल थांबते, आठवते आणि सांगते, “त्याची शेपटी पायांत गेली होती.” पाहिलेले मनात पुन्हा पाहून त्याला शब्द देणे, हा लेखनाचा पहिला धडाच आहे.

इलेन रीस, कॅथरिन हेडन आणि रॉबिन फिवश यांनी १९९३ च्या अभ्यासात मुले ४० महिन्यांची असल्यापासून ७० महिन्यांची होईपर्यंत आई-मुलांच्या आठवणींच्या गप्पा तपासल्या. ज्या आया सुरुवातीपासून तपशील भरत, खुले प्रश्न विचारत, त्यांची मुले पुढे स्वतःहून अधिक आठवणी सांगू लागली.

हा गुण मुलाला उपजतच मिळाला असेल, ही शंका रास्त आहे. म्हणून कॅरोल पीटरसन, बेव्हर्ली जेसो आणि अ‍ॅलिसा मॅकेब यांचा १९९९ चा प्रयोग महत्त्वाचा ठरतो. त्यांनी काही आयांना अशा गप्पा मारायला शिकवले. वर्षभराने त्यांची मुले प्रसंग सांगताना ‘कुठे’ आणि विशेषतः ‘केव्हा’ हे अधिक स्पष्ट करत होती. यातून लेखकच घडतो असे नाही, पण सांगण्याची रीत शिकता येते, हे दिसते.

मोठेपणी हे प्रश्न कोण विचारते? रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगोत्स्की यांच्या मते मूल आधी इतरांशी बोलते, मग खेळताना स्वतःशी मोठ्याने बोलते आणि हेच बोलणे हळूहळू मूक होऊन विचारांत उतरते. हे मान्य केले, तर कागदासमोर बसलेल्या लेखकाला “हे नीट सांग” असे बजावणारा आतला आवाज कधीकाळी घरातल्या कुणाचा तरी असणार, असे मला वाटते.

तो आवाज प्रेमळच असेल असे मात्र नाही. जर्मन भाषेत लिहिणारा कथाकार फ्रान्झ काफ्का याने १९१९ मध्ये वडिलांना शंभराहून अधिक पानांचे पत्र लिहिले. आपले सारे लेखन तुमच्याविषयीच होते, तुमच्या कुशीत जे रडता आले नाही ते तिथे रडलो, असे त्याने त्यात म्हटले आहे. ते पत्र वडिलांच्या हाती कधीच पडले नाही.